पाच मिनिटांची कुदळ : विनोबा भावे यांचे आयुष्य आणि तुमचे दुखरे गुडघे

तुमचे वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहे. सकाळी उठल्यावर गुडघे दहा-पंधरा मिनिटे आखडलेले असतात, जिना उतरताना कळ येते, खाली बसले की उठायला कशाचा तरी आधार लागतो. डॉक्टरांनी तपासून, कदाचित एक्स-रे काढून, ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणजे गुडघ्यांची झीज असे सांगितले आहे. घरी आल्यावर सगळ्यांचा सल्ला एकच असतो : आता चालणे बंद करा, जेवढे वापराल तेवढे गुडघे लवकर घासतील.

हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो तुमचे नुकसान करतो. ते कसे, हे समजण्यासाठी आपण विदर्भाला चांगल्या परिचयाच्या एका माणसाचे आयुष्य पाहू. आचार्य विनोबा भावे गुडघ्यांचे रुग्ण म्हणून कोणाला आठवत नाहीत. परंतु अशक्त शरीराकडून काम कसे करून घ्यायचे, किती करायचे, कुठे थांबायचे आणि मदत कधी घ्यायची, या गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या वळणांवर दिसतात. गुडघ्याच्या उपचारातही हेच प्रश्न असतात.

गागोदे ते वाई : चालणे, दळणे, नमस्कार

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. पुढे कुटुंब बडोद्याला गेले आणि त्यांचे शिक्षण तिथे झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनायक वाटेतच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

आश्रमातल्या कष्टांत प्रकृती ढासळली. तेव्हा त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि संस्कृतच्या अभ्यासासाठी वाई गाठली. प्रकृती सुधारण्यासाठी त्यांनी तिथे आधी रोज दहा-बारा मैल चालणे सुरू केले, मग जात्यावर धान्य दळणे आणि नंतर सूर्यनमस्कार. अशक्त वाटते म्हणून पडून राहण्याऐवजी त्यांनी शरीराला कामाला लावले.

तुमच्या गुडघ्याच्या बाबतीत हे का लागू पडते, ते पाहा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिलाच लोक ‘गादी’ म्हणतात. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. पाऊल टेकले की ती स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचलले की फुलते, आणि या दाबण्या-फुलण्यात द्रव आत-बाहेर होतो. गुडघा हललाच नाही तर हे पोषण मंदावते. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होतो आणि त्याने पेलायचा भार थेट सांध्यावर येतो. मग दुखणे वाढते, दुखते म्हणून तुम्ही आणखी बसता, आणि स्नायू आणखी बारीक होतो.

बैलगाडीचा आस वापराने घासतो आणि बंद ठेवला तर टिकतो. गुडघा जिवंत अवयव आहे, त्याला हा हिशेब लागू होत नाही.

पवनार, १९३८ : पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे

१९२१ साली विनोबा वर्ध्याला आले आणि पुढचे आयुष्य मुख्यतः याच भागात गेले. सूतकताई, विणकाम, अध्यापन, गावोगाव फिरणे आणि तुरुंगवास यांत वर्षे गेली. १९३८ पर्यंत शरीर पार थकले होते. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले होते. वय होते बेचाळीस. वर्ध्यापासून जवळच पवनार येथे धाम नदीच्या काठी ते विश्रांतीसाठी राहायला गेले.

तिथे त्यांनी शेतात कुदळीने खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी खणले फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्यात दोन मिनिटे वाढवली. असे थोडे थोडे वाढवत ते रोज दोन तासांपर्यंत पोहोचले. खणतानाही सलग दमछाक होऊ द्यायची नाही, मध्ये मध्ये काही सेकंद थांबायचे, असा त्यांचा नेम होता. दहा महिन्यांत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढून १२८ पौंड, म्हणजे सुमारे ५८ किलो झाले.

विनोबांना वजन वाढवायचे होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते कमी करायचे असेल. पण त्यांची पद्धत तुम्हालाही उपयोगी आहे. आज फिजिओथेरपिस्ट गुडघ्याच्या रुग्णाला साधारण हेच शिकवतात : सोसेल एवढ्याने सुरुवात, ठरवून वाढ, आणि थकण्याच्या आधी विश्रांती. बहुतेक रुग्ण उलटे करतात. बरे वाटले त्या दिवशी सगळे काम उरकतात, पुढचे चार दिवस पडून राहतात, आणि व्यायाम मला सोसत नाही असे ठरवून टाकतात.

तुमच्यासाठी सुरुवात अशी असू शकते :

- खुर्चीवरचा व्यायाम. पाठ टेकून बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करा, पाच अंक मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा.
- टॉवेलचा व्यायाम. पाय पसरून बसा किंवा पाठीवर झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबा. पाच अंक मोजून सोडा. गुडघा फार दुखत असेल त्या दिवशीही हा व्यायाम बहुतेकांना जमतो.
- उठ-बस. थोड्या उंच, न हलणाऱ्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. पाच वेळांपासून सुरुवात करा. जमत नसेल तर हातांचा आधार घ्या.
- चालणे. सपाट रस्त्यावर पाच मिनिटे. दुखणे वाढले नाही तर दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटे वाढवा.

किती दुखले तर चालेल? व्यायाम करताना थोडे दुखणे धोक्याचे नसते. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले तर तुमचे प्रमाण बरोबर आहे. तसे झाले नाही तर प्रमाण कमी करा, व्यायाम मात्र सोडू नका. फरक जाणवायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. गुडघ्यातून कटकट आवाज येतो म्हणूनही घाबरू नका. आवाजाबरोबर दुखणे किंवा सूज नसेल तर त्याला उपचार लागत नाही.

वजनाचा हिशेबही समजून घ्या. वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये १ किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर प्रत्येक पावलामागे वीस किलो. दिवसभरात तुम्ही किती पावले टाकता त्याने गुणून पाहा.

१९५१ : केळापूरच्या वाटेने दक्षिणेकडे

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन व्हायचे होते. विनोबा तिथे पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. अंतर सुमारे ३०० मैल, म्हणजे जवळजवळ ५०० किलोमीटर. वर्ध्याहून आदिलाबादकडे उतरणारी ही वाट यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातून, पांढरकवडा आणि पाटणबोरीच्या भागातून जाते. हे अंतर त्यांनी सुमारे महिन्याभरात कापले. रोजची मजल साधारण दहा मैलांची. पहाटे अंधारात निघायचे, ऊन चढण्याच्या आत मुक्कामाचे गाव गाठायचे.

संमेलनानंतर ते तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी जमीन मागितली. तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात अशी झाली. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे विनोबा देशभर पायी फिरत राहिले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले.

याचा अर्थ तुम्हीही उद्यापासून दहा मैल चालावे असा नाही. पंचावन्नाव्या वर्षी विनोबा एकदम उठून चालू लागले नव्हते. त्यामागे वाईचे चालणे होते, पवनारची कुदळ होती, आणि शरीर सडपातळ होते. तुम्ही यातून वेळ आणि बेत घ्या. केळापूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पहाटे किंवा सूर्य कलल्यावर चाला. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. गुडघ्याला त्याचाही तेवढाच फायदा होतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. सपाट जमिनीवरचे चालणे गुडघ्याला मानवते. तासन्‌तास उकिडवे बसणे मानवत नाही. केळापूर तालुक्यात कापूस, सोयाबीन, तुरीची शेती आहे आणि निंदणाचे काम बहुतेक बायाच करतात, तेही दिवसभर उकिडवे बसून. गुडघा पूर्ण वाकलेला असताना वाटीवर आणि सांध्यावर सर्वांत जास्त दाब येतो. वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांमध्ये गुडघ्यांची झीज अधिक आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे.

मजुरी सोडा असे सांगणे सोपे आहे, पण त्याने घर चालत नाही. म्हणून जे बदलता येईल ते बदला :

- निंदताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून उभे राहा, दहा-बारा पावले चाला. हे विनोबांच्या कुदळीतले थांबणेच आहे.
- लांब दांड्याच्या खुरप्याने उभ्याने होईल तेवढे काम उभ्याने करा. बसावेच लागले तर लहान पाट किंवा ठेंगणे स्टूल घ्या.
- घरी भाजी चिरणे, भाकरी थापणे, कपडे धुणे ही कामे ओट्यावर किंवा टेबलावर करता आली तर करा.
- शौचालयात कमोड बसवा. खर्च जमत नसेल तर मधे भोक असलेली खुर्ची भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवता येते.
- डोक्यावरून पाण्याच्या दोन गुंड्या एकदम आणण्याऐवजी दोन खेपा करा.

पोटातला व्रण आणि दुकानातली गोळी

पदयात्रेच्या वर्षांत विनोबांना पोटात अल्सरचा त्रास होता. त्यामुळे त्यांचा आहार दूध-दही आणि मध अशा मोजक्या गोष्टींवर आला होता. गुडघ्याच्या रुग्णाने ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण गुडघेदुखीच्या गोळ्यांचा सर्वांत मोठा धोका पोटालाच असतो.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दुखणे आणि सूज कमी करतात. झीज थांबवत नाहीत. अनेक जण त्या मेडिकल दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतात. त्याने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो आणि हृदयरुग्णांना धोका असतो. तुमचे वय साठीच्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळी चालू असताना डांबरासारखी काळी शौचास झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

गुडघ्यासाठी पहिले औषध म्हणून दुखऱ्या जागी लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल बऱ्याच जणांना पुरते. त्यातले थोडेच औषध रक्तात जाते. शेक आणि हलक्या हाताने तेल लावणे आराम देते, त्याला हरकत नाही. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. ‘हमखास बरे करतो’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत जादूसारखे बरे वाटते आणि काही महिन्यांत साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात.

सूज फार असेल तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ शकतात. ते योग्य हातांनी, मोजून दिले तर काही आठवडे आराम देते. त्या आठवड्यांत व्यायाम वाढवून घ्यावा, तरच त्याचा उपयोग टिकतो.

चांडील, १९५२ : औषध नको म्हणणारा माणूस

डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारातील चांडील येथे विनोबांना घातक मलेरिया झाला. त्यांचा औषध घेण्याला नकार होता. प्रकृती अतिशय खालावली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरूंसह अनेकांनी विनवणी केली, तेव्हा त्यांनी औषध घेतले आणि ते बरे झाले. त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक काळ पदयात्रा चालली.

काही रुग्ण गोळ्यांच्या आहारी जातात, तर काही जण गोळीला हातच लावत नाहीत. रात्रभर गुडघा ठणकतो, झोप होत नाही, व्यायाम करता येत नाही, तरीही सवय लागेल म्हणून ते सोसत राहतात. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेली गोळी तुम्हाला पुन्हा चालते करण्यासाठी असते. ती घेऊन व्यायाम सुरू झाला तर तिचे काम झाले.

१९६५ : मोटारीत बसलेले विनोबा

तेरा वर्षे पायी फिरलेल्या विनोबांनी १९६५ मध्ये बिहारात पुन्हा दौरा केला, तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि प्रकृती साथ देत नव्हती. या वेळी ते मोटारीने फिरले. ज्यांची ओळखच चालण्याने झाली होती, त्यांनी काम चालू ठेवण्यासाठी साधन बदलले. पुढे १९७० मध्ये त्यांनी फिरणेही थांबवले आणि पवनारलाच राहिले.

काठी घ्यायला तुम्हाला लाज वाटते का? योग्य उंचीची काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरली तर त्या गुडघ्यावरचा भार कमी होतो. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बरेच जण ती चुकीच्या हातात धरतात.

आणि शस्त्रक्रिया? नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा फायदा होत नाही, हे चाचण्यांत स्पष्ट झाले आहे. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वेगळी. व्यायाम, वजन आणि औषधे हे सर्व काही महिने मनापासून करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर तिचा विचार करावा. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी तुम्ही आरामात चालत असाल तर घाई नको. एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. बदललेले दहापैकी सुमारे आठ गुडघे २५ वर्षांनंतरही काम देत असतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र व्यायाम करावाच लागतो आणि मांडीचा स्नायू आधीपासून मजबूत असेल तर सावरणे सोपे जाते.

खर्चाची भीती असेल तर चौकशी करा. २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. केळापूर भागातील रुग्णांना यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था गाठता येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार कुठे बसतो, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचे?

- गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि ताप आहे.
- पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही.
- गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही.
- पोटरी अचानक सुजून दुखू लागली आहे.
- सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो आणि हातांचे सांधेही सुजतात. हा वेगळ्या प्रकारचा संधिवात असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनारला देह ठेवला. तो त्यांच्या श्रद्धेचा निर्णय होता, रुग्णांसाठी तो सल्ला नाही. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

गुडघ्यांची झीज मागे फिरवणारे औषध आज उपलब्ध नाही. दुखणे कमी करणे, स्नायू वाढवणे आणि स्वतःच्या पायांनी शेतात, देवळात, नातवंडांच्या शाळेपर्यंत जाता येणे हे मात्र बहुतेकांना शक्य आहे. आज संध्याकाळी ऊन उतरले की घड्याळ लावून पाच मिनिटे चाला. उद्या सकाळी गुडघा कसा आहे ते पाहा. त्यावरून पुढचे दिवस ठरवा, आणि पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना सांगा.